मनोसामाजिक कर्करोग काळजीचे प्रशिक्षण

मनोसामाजिक कर्करोग काळजीचे प्रशिक्षण म्हणजे कर्करुग्ण आणि त्याचे कुटुंबीय यांच्या मानसिक, कौटुंबिक, आर्थिक व सामाजिक गरजा ओळखून त्यांना योग्य प्रतिसाद देता यावा, यासाठी आरोग्य क्षेत्रातील व्यक्तींना दिले जाणारे शिक्षण होय. डॉक्टर, परिचारिका, समाजसेवा अधीक्षक, समुपदेशक, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि आशा स्वयंसेविका या सर्वांचा त्यात समावेश होतो. या शिक्षणामागील ज्ञानशाखेस मनोकर्करोगशास्त्र किंवा सायको-ऑन्कोलॉजी असे म्हणतात. रुग्णाशी नीट बोलणे व त्याचे ऐकून घेणे ही केवळ स्वभावाची देणगी नसून शिकता आणि शिकविता येण्यासारखी कौशल्ये आहेत, हे या प्रशिक्षणाचे मूळ गृहीतक आहे.

महाराष्ट्रात या विषयाचा विकास मुंबईतील कर्करोग रुग्णालये, वैद्यकीय समाजकार्याची परंपरा, पुणे व मुंबई येथील परिहार सेवा केंद्रे आणि नाशिक येथे मुख्यालय असलेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांच्याशी निगडित आहे.

संकल्पना

कर्करोगाच्या उपचाराचे शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार हे तीन प्रमुख मार्ग सर्वपरिचित आहेत. ग्रामीण महाराष्ट्रात रुग्ण त्यांना 'ऑपरेशन', 'शेक' आणि 'केमो' म्हणून ओळखतात. या उपचारांच्या जोडीने रुग्णाला भीती, अनिश्चितता, शरीरात झालेले बदल, कामधंदा सुटणे, कर्ज आणि नातेसंबंधांतील ताण यांना तोंड द्यावे लागते. या बाबींकडे उपचाराचाच भाग म्हणून पाहणे, यास मनोसामाजिक काळजी म्हणतात.

ही काळजी म्हणजे मानसोपचार नव्हे. तिच्या सर्वसाधारणपणे दोन पातळ्या मानल्या जातात. रुग्णाच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने द्यावयाची मूलभूत काळजी ही पहिली पातळी होय. आदराने बोलणे, कळेल अशा भाषेत माहिती देणे, ऐकून घेणे आणि अडचण वेळीच ओळखणे हे तिच्यात येते. तीव्र नैराश्य, आत्महत्येचे विचार, भ्रमावस्था अशा प्रसंगी मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ देतात ती विशेष काळजी ही दुसरी पातळी. पहिली पातळी प्रत्येकाला यावी आणि दुसऱ्या पातळीकडे रुग्णाला केव्हा पाठवावे हे कळावे, असा प्रशिक्षणाचा दुहेरी हेतू असतो.

गरज

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ या वर्षी भारतात कर्करोगाचे सुमारे १४.६ लाख नवे रुग्ण होते. प्रत्येक रुग्णामागे एक कुटुंब असते. भारतीय परिस्थितीत रुग्णालयाच्या खेपा, औषधे, आहार, पैसा आणि निर्णय यांचा बराचसा भार कुटुंबच वाहते.

महाराष्ट्रात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतात. या प्रत्येकाचे मनोसामाजिक प्रश्न वेगळे आहेत. तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर चेहरा, वाचा व गिळण्याची क्रिया यांवर परिणाम होतो. त्यामुळे रुग्ण चारचौघांत जेवणे टाळतो. तंबाखू किंवा मिश्रीच्या सवयीमुळे 'हे मीच ओढवून घेतले' अशी अपराधी भावनाही त्याच्या मनात असते. स्तनाच्या कर्करोगात स्वतःच्या शरीराविषयीची प्रतिमा दुखावते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात वैवाहिक संबंधांविषयीचे प्रश्न निर्माण होतात, परंतु ते विचारण्याचा संकोच स्त्रीला आणि उत्तर देण्याचा संकोच कर्मचाऱ्यालाही असतो.

यात गैरसमजुतींची भर पडते. कर्करोग संसर्गजन्य आहे असे समजून रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवणे, तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढल्यास रोग पसरतो असे मानणे, आजाराला पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ ठरविणे आणि घरातील मुलीच्या लग्नात अडथळा येईल म्हणून आजार लपविणे, ही त्याची काही उदाहरणे होत. अशा समजुतींमुळे उपचाराला उशीर होतो किंवा उपचार अर्धवट सुटतो. म्हणूनच मनोसामाजिक काळजीचा संबंध केवळ रुग्णाच्या समाधानाशी नसून उपचार पूर्ण होण्याशीही आहे.

इतिहास

जागतिक पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक देशांत कर्करोगाचे निदान रुग्णापासून लपविण्याची प्रथा होती. ब्रिटनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक दुःख एकमेकांत गुंतलेले असते, अशी 'समग्र वेदना' ही संकल्पना त्यांनी मांडली. अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांनी १९७७ पासून न्यू यॉर्क येथील मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात मनोविकार सेवेची उभारणी केली. त्यांच्या पुढाकाराने १९८४ साली आंतरराष्ट्रीय मनोकर्करोगशास्त्र संस्था स्थापन झाली. २०१४ साली जागतिक आरोग्य सभेने परिहार सेवा आरोग्यव्यवस्थेचा अविभाज्य भाग करण्याविषयीचा ठराव संमत केला. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या शिक्षणावर या ठरावात भर आहे.

महाराष्ट्रातील वाटचाल

महाराष्ट्रात या विषयाची पायाभरणी समाजकार्याच्या शिक्षणातून झाली. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. हीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. ती भारतातील अशा स्वरूपाची पहिली नेमणूक मानली जाते. आजही राज्यातील मोठ्या शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद असते. रुग्णाची घरची परिस्थिती जाणून घेणे, योजनांचा लाभ मिळवून देणे व समुपदेशन करणे ही या पदाची कामे होत.

टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईतील परळ येथे सुरू झाले. १९६२ साली ते भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आले. देशभरातून येणाऱ्या रुग्णांमुळे निवास, खर्च व एकटेपणा हे प्रश्न येथे ठळकपणे समोर आले. त्यांची दखल घेणाऱ्या संस्था रुग्णालयाबाहेरही उभ्या राहिल्या. इंडियन कॅन्सर सोसायटी (१९५१), कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन (१९६९) आणि व्ही केअर फाउंडेशन (१९९४) या संस्था मुंबईतील होत. दादर येथील गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत बाहेरगावच्या कर्करुग्णांची व नातेवाइकांची राहण्याची सोय होते. कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून काम करते.

भारतातील पहिले हॉस्पिस म्हणून ओळखले जाणारे शांती अवेदना सदन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली मुंबईतील वांद्रे येथे सुरू केले. पुण्यातील वारजे येथे १९९७ साली सिप्ला परिहार सेवा व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. रुग्णसेवा व प्रशिक्षण ही दोन्ही कामे एकाच छताखाली होत असल्याने शिकणाऱ्याला प्रत्यक्ष रुग्ण व कुटुंब यांच्या सहवासात शिकता येते, हे या केंद्राचे वैशिष्ट्य आहे. दरम्यान १९९४ साली भारतीय परिहार सेवा संघटनेची स्थापना झाली होती. परिहार सेवेच्या मूलतत्त्वांचा तिचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम डॉक्टर व परिचारिकांसाठी देशभर चालविला जातो.

परिहार वैद्यक या विषयातील एम. डी. पदवीस भारतीय वैद्यक परिषदेने २०१० साली मान्यता दिली आणि २०१२ साली टाटा मेमोरियल रुग्णालयात हा अभ्यासक्रम सुरू झाला. केरळने २००८ साली परिहार सेवेचे राज्य धोरण स्वीकारले होते, तर महाराष्ट्राने असे धोरण २०१२ साली स्वीकारले.

प्रशिक्षणातील प्रमुख विषय

वाईट बातमी सांगणे

निदान, रोगाचा पुन्हा उद्भव किंवा उपचार थांबविण्याचा निर्णय सांगणे हा प्रशिक्षणातील केंद्रीय विषय आहे. त्यासाठी वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन व सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेली 'स्पाइक्स' ही सहा पायऱ्यांची पद्धत सर्वाधिक वापरली जाते. त्या पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत:

१. बोलण्यासाठी शांत व खासगी जागा निवडणे आणि बसून बोलणे.
२. रुग्णाला आजाराविषयी काय माहीत आहे ते आधी विचारणे.
३. त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते विचारणे.
४. सोप्या शब्दांत, थोडी थोडी माहिती देणे.
५. रुग्णाच्या भावना ओळखून त्यांना प्रतिसाद देणे.
६. पुढील योजना ठरवून बोलणे आवरते घेणे.

मराठीतून बोलताना या पायऱ्यांना विशिष्ट रूप येते. 'तुम्हाला आतापर्यंत आजाराबद्दल काय सांगितलंय?' या प्रश्नाने संवाद खुला होतो. 'रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आलेला नाही' असे म्हणून क्षणभर थांबल्यास रुग्णाला मनाची तयारी करता येते. याउलट 'घाबरू नका, काही होत नाही' हे दिलासा देण्यासाठी उच्चारलेले वाक्य पुष्कळदा संवाद संपविते, कारण त्यानंतर रुग्ण आपली भीती बोलून दाखवीत नाही. बातमी सांगितल्यानंतरचे मौन सहन करणे हेही एक कौशल्य मानले जाते.

'रुग्णाला सांगू नका' ही विनंती

निदान रुग्णापासून लपवावे, अशी विनंती भारतीय कुटुंबांत वारंवार आढळते. तिच्यामागे बहुधा प्रेम व संरक्षणाची भावना असते. मात्र रुग्णालयाची पाटी, शेजारच्या खाटेवरील रुग्ण, गळणारे केस यांवरून रुग्णाला आजाराचा अंदाज आलेला असतो. घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून तोही काही बोलत नाही. परिणामी एकाच घरातील माणसे एकच गोष्ट एकमेकांपासून लपवितात. आर्थिक व्यवहार, मुलांची व्यवस्था, भेटीगाठी, क्षमायाचना आणि निरोप या गोष्टी राहून जातात.

अशा वेळी कुटुंबाला दोष देणे किंवा त्यांची विनंती निमूटपणे मान्य करणे, ही दोन्ही टोके टाळण्यास प्रशिक्षणात शिकविले जाते. प्रथम लपविण्याचे कारण विचारावे. कुटुंबाची काळजी रास्त असल्याचे मान्य करावे. लपविण्याचा ताण घरच्यांवर किती आहे, हे त्यांनाच बोलू द्यावे. त्यानंतर 'आम्ही आपणहून काही सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही' अशी भूमिका स्पष्ट करावी. माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्याचप्रमाणे सर्व काही जाणून न घेण्याचा हक्कही त्यालाच आहे आणि तो त्याच्या वतीने दुसऱ्याने बजावावयाचा नसतो.

मानसिक त्रास ओळखणे

भूक मंदावणे, थकवा, वजन घटणे व झोप न येणे ही नैराश्याची लक्षणे कर्करोगात किंवा त्याच्या उपचारांमुळेही दिसतात. त्यामुळे केवळ शारीरिक लक्षणांवरून नैराश्य ओळखणे कठीण जाते. कशातच रस न वाटणे, स्वतःला ओझे मानणे, तीव्र अपराधभाव व आशा सुटणे या लक्षणांकडे विशेष लक्ष देण्यास शिकविले जाते. मराठी रुग्ण 'नैराश्य' हा शब्द क्वचितच वापरतो. 'करमत नाही', 'जिवाला घोर लागलाय', 'अन्न गोड लागत नाही', 'काळीज धडधडतं' अशा शब्दांतून तो आपली अवस्था सांगतो. हे शब्द लक्षणे म्हणून ऐकता येणे, हा प्रशिक्षणाचा भाग आहे.

चाचणीसाठी काही साधने वापरली जातात. 'डिस्ट्रेस थर्मामीटर' या साधनात रुग्णाने आपला त्रास ० ते १० या पट्टीवर दर्शवावयाचा असतो. ४ किंवा अधिक गुण असल्यास पुढील तपासणी सुचविली जाते. झिगमंड व स्नेथ यांनी १९८३ साली तयार केलेल्या चिंता व नैराश्य मापनश्रेणीत १४ प्रश्न आहेत. त्यांपैकी ७ चिंतेविषयी व ७ नैराश्याविषयी आहेत. निरक्षर किंवा वृद्ध रुग्णांना आकड्यांची पट्टी अवघड वाटल्यास 'रुपयात किती आणे त्रास आहे?' असे परिचित मापही वापरता येते.

आत्महत्येविषयी थेट विचारल्यास तो विचार रुग्णाच्या मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. असा प्रश्न शांतपणे व स्पष्टपणे कसा विचारावा आणि त्यानंतर रुग्णाला एकटे न सोडता तज्ज्ञांकडे कसे पाठवावे, याचा सराव करून घेतला जातो. केंद्र शासनाची टेलि-मानस ही १४४१६ या क्रमांकावरील मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

कुटुंब, मुले व शोक

रुग्णाची शुश्रूषा करणारी व्यक्ती बहुधा पत्नी, आई, सून किंवा मुलगी असते. तिची झोप, आहार, मजुरी आणि स्वतःची दुखणी यांची विचारपूस करणे मूलभूत काळजीत येते. घरातील लहान मुलांना काहीच न सांगितल्यास ती स्वतःलाच दोषी मानण्याचा संभव असतो. म्हणून त्यांच्या वयाला साजेशी व खरी माहिती कशी द्यावी, हेही शिकविले जाते. मृत्यूनंतर कुटुंबाशी संपर्क ठेवणे आणि नेहमीचा शोक व दीर्घकाळ चिघळणारा शोक यांतील फरक ओळखणे हा प्रशिक्षणाचा आणखी एक विषय होय.

वेदनानियंत्रणाशी संबंध

असह्य वेदना असलेल्या रुग्णाचे समुपदेशन निष्फळ ठरते. त्यामुळे वेदनेचे मूल्यमापन व औषधांची माहिती समुपदेशकालाही दिली जाते. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीमुळे मॉर्फिनसारखी औषधे मान्यताप्राप्त संस्थांना उपलब्ध होण्याची प्रक्रिया सुलभ झाली. 'मॉर्फिन म्हणजे शेवट' हा कुटुंबाचा समज दूर करणे, हे संवादकौशल्याचेच काम आहे.

शिकविण्याच्या पद्धती

संवादकौशल्ये केवळ व्याख्यानांतून आत्मसात होत नाहीत, म्हणून पुढील पद्धतींवर भर दिला जातो:

भूमिकानाट्य: प्रशिक्षणार्थी आळीपाळीने डॉक्टर, रुग्ण व नातेवाईक होतात. रुग्णाच्या भूमिकेत बसल्यावर घाईघाईने बोललेल्या शब्दांचा परिणाम स्वतःला जाणवतो.

निरीक्षण व प्रतिसाद: संमतीने चित्रित केलेला किंवा समोर घडलेला संवाद गटाने पाहून काय साधले व काय निसटले, याची चर्चा करणे.

रुग्णानुभव: उपचार पूर्ण केलेले रुग्ण व शुश्रूषा केलेले नातेवाईक यांना अध्यापनात सहभागी करून घेणे.

गृहभेटी: परिहार सेवा पथकाबरोबर रुग्णाच्या घरी जाणे. रुग्णालयात न दिसणारे कौटुंबिक व आर्थिक प्रश्न यातून कळतात.

चिंतनगट: कर्मचाऱ्यांनी स्वतःवर येणाऱ्या भावनिक ताणाविषयी ठरावीक काळाने एकत्र बोलणे. लंडन येथे मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात डॉक्टरांसाठी सुरू केलेले गट हे त्याचे सुपरिचित उदाहरण आहे.

अभ्यासक्रमांतील स्थान

एम. बी. बी. एस. च्या २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्ये व संवाद या विषयांचा 'एटकॉम' हा घटक अंतर्भूत करण्यात आला. त्यामुळे रुग्णाशी संवाद हा ऐच्छिक विषय न राहता पदवी शिक्षणाचा भाग बनला. परिचर्या शिक्षणात मानसिक आरोग्य परिचर्या हा विषय असून कर्करोग परिचर्येतील एक वर्षाची पदविकाही उपलब्ध आहे. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेतील आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या सेवांमध्ये मानसिक आरोग्य आणि परिहार सेवा यांचा समावेश करण्यात आला. त्यामुळे समुदाय आरोग्य अधिकारी व आशा स्वयंसेविका यांच्यापर्यंत हे प्रशिक्षण पोहोचविण्याची गरज निर्माण झाली आहे.

नाशिक व उत्तर महाराष्ट्र

१९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिक शहरालगत म्हसरूळ येथे आहे. राज्यभरातील वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या व भौतिकोपचार महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. एका विद्यापीठाच्या कक्षेत इतक्या शाखा येत असल्याने विविध शाखांच्या विद्यार्थ्यांना मनोसामाजिक काळजी एकत्रितपणे शिकविण्याच्या दृष्टीने नाशिकचे स्थान महत्त्वाचे ठरते. कर्करुग्णाला प्रत्यक्षात डॉक्टर, परिचारिका व भौतिकोपचारतज्ज्ञ एकाच वेळी भेटतात. त्यांनी सांगितलेल्या गोष्टींत विसंगती असल्यास त्याचा विश्वास ढळतो.

नाशिक शहरातील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय या शासकीय रुग्णालयात हृदय, मूत्रपिंड व कर्करोग यांवरील विशेष उपचार होतात. शहरात खासगी कर्करोग रुग्णालयेही आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश असून योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र नेमलेले असतात. कागदपत्रांच्या निमित्ताने रुग्णाचा नातेवाईक ज्यांना सर्वप्रथम भेटतो त्यांपैकी आरोग्यमित्र एक असल्याने, मूलभूत संवादकौशल्ये त्यांनाही उपयुक्त ठरतात.

या भागात भाषा हा कळीचा प्रश्न आहे. मालेगाव, बागलाण व देवळा या तालुक्यांत अहिराणी बोलली जाते, तर सुरगाणा, पेठ व कळवण परिसरातील आदिवासी समाजात कोकणा, भिल्ली इत्यादी बोली प्रचलित आहेत. वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत, रुग्णालयाचा कारभार प्रमाण मराठीत आणि रुग्णाचे दुःख बोलीत, अशी त्रिस्तरीय दरी येथे आढळते. बोली जाणणारी परिचारिका किंवा आशा स्वयंसेविका अशा वेळी दुभाष्याचे काम करते. नातेवाइकालाच दुभाषी केल्यास बातमी गाळली जाण्याची किंवा सौम्य केली जाण्याची शक्यता असते. शेतीचे हंगाम, मजुरीसाठीचे स्थलांतर आणि एस. टी. च्या वेळा यांवर उपचाराच्या तारखा पाळणे अवलंबून असते. म्हणून 'तारीख का चुकवली?' असे दरडावण्याऐवजी 'यायला काय अडचण आली?' असे विचारण्यास शिकविले जाते.

परिणामकारकता व मर्यादा

ब्रिटनमधील ३४ कर्करोग केंद्रांतील १६० डॉक्टरांवर लेस्ली फॅलोफील्ड व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तीन दिवसांच्या प्रशिक्षणानंतर डॉक्टरांच्या संवादात सुधारणा झाल्याचे त्यात दिसून आले. कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात १७ चाचण्यांचा विचार करण्यात आला. प्रशिक्षित कर्मचारी अधिक सहानुभूती दाखवितात व खुले प्रश्न अधिक विचारतात, असे त्यात आढळले. मात्र त्यामुळे रुग्णांचे मानसिक आरोग्य सुधारते किंवा कर्मचाऱ्यांची दमणूक कमी होते, असा ठोस पुरावा मिळाला नाही. म्हणजेच प्रशिक्षण आवश्यक असले तरी ते पुरेसे नाही.

बाह्यरुग्ण विभागातील गर्दी, खासगी जागेचा अभाव, मनोविकारतज्ज्ञ व समुपदेशकांची अपुरी संख्या आणि प्रादेशिक भाषांतील अध्ययन-साहित्याची कमतरता या प्रमुख अडचणी आहेत. एखादी कार्यशाळा झाल्यावर पाठपुरावा न झाल्यास शिकलेले कौशल्य विरते. तसेच कनिष्ठ डॉक्टर प्रत्यक्षात वरिष्ठांचे पाहून शिकत असल्याने, वरिष्ठांचा सहभाग नसलेले प्रशिक्षण फारसे रुजत नाही. वॉर्डात पडदा ओढून दोन खुर्च्या मांडण्याइतकी सोय आणि रुग्णामागे काही मिनिटे अधिक मिळाली, तरच शिकलेले वापरता येते.

हेही पहा

कर्करोग
परिहार सेवा
टाटा मेमोरियल रुग्णालय
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ
समुपदेशन
वैद्यकीय समाजकार्य